अर्धं निळं, अर्धं गुलाबी: छताचं जुनं रेखाटन कसं वाचायचं

लिलावात घेतलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात तुम्हाला एका छताचं रंगीत रेखाटन सापडलं. तुम्ही केलेलं वर्णन थोडक्यात असं: मधे ३२ बाय २४ सेंटिमीटरचा आयत आणि चारी बाजूंना उघडलेल्या खोक्याच्या झडपांसारखे चार-चार सेंटिमीटर रुंदीचे पट्टे. डावा अर्धा भाग निळसर, उजवा गुलाबी. तोही सगळा नाही. वरचे दोन कोपरे नीट रंगवलेले, खाली नुसत्या शिसपेन्सिलीच्या रेघा. कडेला फ्रेंचमध्ये ‘सालों’ (बैठकीची खोली), एका बाजूला बारीक अक्षरांत ‘शमिने’, आणि खाली ‘०,०५ प. म.’. नक्षीवर जागोजागी काळपट डाग. तुम्ही विचारलंय, हे कोणत्या महालाचं छत, चित्रकारानं ते अर्धवट का सोडलं, कागद अस्सल आहे का, आणि ते डाग पुसून काढता येतील का.

मी कागदावरच्या जुन्या कामांची नोंदणी आणि दुरुस्ती करतो. त्यातली बरीच वर्षं अशाच सजावटीच्या रेखाटनांबरोबर गेली. ‘कोणता महाल’ हा प्रश्न सगळेच आधी विचारतात. त्याचं उत्तर मिळालंच तर सगळ्यात शेवटी मिळतं, आणि पुष्कळदा मिळत नाही. मी आधी पाहतो की हा कागद कोणाच्या हातात द्यायला काढला होता. घरमालकाला दाखवायला, गिलाव्याचं काम करणाऱ्या कारागिराला समजवायला, की सजावटकाराच्या कपाटात नमुना म्हणून ठेवायला? एवढं कळलं की तुमचे तीन प्रश्न आपोआप सुटतात आणि चौथा निदान सुटण्याजोगा होतो.

अर्धवटपणापासून सुरुवात करू. तुमचं रेखाटन अर्धवट नाही, त्याचं काम पूर्ण झालेलं आहे. बहुतेक छतं दोन्ही अक्षांवर सममित असायची. एक कोपरा काढला की उरलेले तीन आरशात पाहिल्यासारखे तेच. मग चौपट मेहनत कोण करणार? त्यामुळे एकोणिसाव्या शतकात पाव छत रंगवून बाकीचं रेघांवर सोडणं हा नेहमीचा शिरस्ता होता. डावीकडे निळा आणि उजवीकडे गुलाबी म्हणजे मालकासमोर ठेवलेले दोन पर्याय. कधी रंग वेगळे असतात, कधी नक्षीच वेगळी असते, कधी एका बाजूला सोनेरी काम आणि दुसऱ्या बाजूला तेच काम स्वस्तात, नुसत्या पिवळ्या रंगात. काही कागदांवर तर छोटी झडप चिकटवलेली असते. ती उचलली की खालून दुसरा पर्याय निघतो. तुमच्या कागदावर कुठे जुन्या गोंदाची पट्टी दिसते का, ते भिंगातून पाहा. झडप गळून पडलेली असू शकते.

म्हणजे तुमचा कागद मालकाला दाखवण्याच्या टप्प्यावरचा आहे, असं माझं पहिलं अनुमान. कारागिराचा कागद वेगळा ओळखू येतो. तो मळलेला असतो, चार घड्या पडलेल्या, कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं, आणि कधीकधी खरोखरच गिलाव्याचे शिंतोडे. पूर्ण मापाच्या कागदावर रेघांवरून सुईनं ओळीनं भोकं पाडलेली असतात. तो कागद छताला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत न्यायची, की ठिपक्यांनी नक्षी खाली उतरते. अशी भोकं तुमच्याकडे असणार नाहीत, कारण तुमचा कागद विसाव्या हिश्श्याचा आहे.

हे कशावरून, तर ‘०,०५ प. म.’ वरून. ‘प. म.’ म्हणजे ‘पूर मेत्र’, दर मीटरला. प्रत्यक्षातल्या एका मीटरला कागदावर ०.०५ मीटर, म्हणजे पाच सेंटिमीटर. एकास वीस. मधला ३२ बाय २४चा आयत प्रत्यक्षात ६.४ बाय ४.८ मीटरचा झाला. तेव्हा महाल डोक्यातून काढून टाका. ही एका सुखवस्तू घरातली बैठकीची खोली आहे.

आता ते झडपांसारखे पट्टे. खोलीची भिंत आणि सपाट छत यांच्यामधे पुष्कळदा आत वळणारी गोलाई असायची. ती वरून सरळ कागदावर काढली तर आखडलेली दिसते आणि तिच्यावरची नक्षी समजत नाही. म्हणून ती उलगडून, सपाट करून, चारी बाजूंना पसरून काढत. पण झडपा दिसल्या म्हणजे गोलाई असणारच, असं धरून चालू नका. इथे एक माप घ्यावं लागेल. लांब बाजूच्या झडपेची बाहेरची कड किती भरते? गोलाई पाव वर्तुळाची धरली, तर तिची कागदावरची चार सेंटिमीटर रुंदी म्हणजे प्रत्यक्षात ८० सेंटिमीटरचा कमान-भाग, आणि त्याची त्रिज्या सुमारे ५१ सेंटिमीटर. म्हणजे भिंतीपाशी खोली दोन्ही बाजूंनी ५१-५१ सेंटिमीटरनं मोठी: साधारण ७.४ बाय ५.८ मीटर. मग झडप बाहेरच्या अंगाला पसरत जाऊन तिची कड ३७ सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवी. तशी भरली तर गोलाई आहे. कड आतल्यासारखी ३२च भरली, तर ती झडप म्हणजे छताखाली भिंतीवर सरळ उभी असलेली नक्षीची पट्टी. त्या वेळी खोलीही ६.४ बाय ४.८चीच राहते. मधलंच काहीतरी भरलं तर गोलाई पाव वर्तुळापेक्षा उभट आहे. हा हिशेब कागदावर पटला नाही तर रंगीत छायाप्रत काढा, कात्रीनं बाहेरच्या कडेवर कापा आणि झडपा वर वळवून बघा. मी अजूनही हेच करतो. टेबलावर ते छोटं छत पालथं उभं राहिलं की ज्या गोष्टी तासभर टक लावून दिसल्या नव्हत्या त्या लगेच दिसतात.

मापाच्या नोंदीतून काळाचाही अंदाज येतो, पण सावधपणे. फ्रान्समध्ये मीटर क्रांतीच्या काळातच आला, तरी लोक पाय आणि तुआझ ही लांबीची जुनी मापं सोडायला तयार नव्हते. १८१२मध्ये सरकारनं माघार घेऊन मीटरवर बेतलेली जुन्या नावांची मापं चालू दिली. १८३७च्या कायद्यानं ती बंद केली आणि १ जानेवारी १८४०पासून फक्त दशमान मापं सक्तीची झाली. त्यामुळे कसलीही आडनोंद न करता ‘०,०५ प. म.’ लिहिणारा माणूस १८४०नंतरचा असण्याची शक्यता खूप जास्त. खात्री मात्र देणार नाही. काही वास्तुकार आधीपासूनच मीटरनं काम करत होते. तेच रेखाटन इंग्रज सजावटकाराचं असतं तर एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे एकास चोवीस, असं काहीतरी आलं असतं.

‘शमिने’ म्हणजे शेकोटीची जागा. ही नोंद क्षुल्लक वाटते, पण तिनं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे. एका छताच्या रेखाटनावर शेकोटी आणि खिडक्या दोन्ही खुणावलेल्या होत्या आणि ज्या घराचं ते छत असावं असा अंदाज होता त्याचा जमिनीचा नकाशाही हाताशी होता. दोन्ही शेजारी ठेवले. खिडक्या जुळवल्या तर शेकोटी समोरच्या भिंतीवर जाई, शेकोटी जुळवली तर खिडक्या उलट्या पडत. कागद कसाही फिरवला तरी जमेना. ‘या घराशी संबंध नाही’ असं नोंदवून मी मोकळा झालो. वर्षभरानं शिकायला आलेल्या एका मुलीनं ते रेखाटन दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, चित्राची बाजू खाली करून, आणि मान वर करून म्हणाली, ‘सर, जुळतंय की!’ चित्रकारानं छत खाली उभं राहून वर पाहताना जसं दिसतं तसं काढलं होतं. त्यात डावं-उजवं नकाशाच्या उलट होतं. आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे येते ना, तसंच. दुसरे सजावटकार याच्या उलट करत; जमिनीवर आरसा ठेवला आहे आणि त्यात छत पाहतो आहोत असं समजून काढत. मग ते जमिनीच्या नकाशाशी सरळ जुळतं. दोन्ही पद्धती चालत होत्या. म्हणून तुमचं छत पुढे कधी एखाद्या नकाशाशी ताडून पाहिलंत, तर दोन्हीप्रकारे पाहा. माझ्यासारखी घाई करू नका.

यानंतर लोक हमखास विचारतात, ही नक्षी उठावाची की नुसती रंगवलेली? तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या काळ्या डागांशी त्याचा संबंध आहे, म्हणून सांगतो. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. खरा उठाव असला तरी सावली रंगवावी लागते, आणि खोटा उठाव असला तर सावली हाच सगळा खेळ. ठरीव रीत अशी की उजेड वरून डावीकडून तिरपा येतो. मी कडेला बघतो. फ्रेंच कागदांवर कंगोऱ्याचा छेद छोटासा काढून आत फिकट गुलाबी रंग भरलेला असतो. कापलेलं बांधकाम दाखवायची ती त्यांची खूण. असा छेद असला तर कारागिराला तिथे खरोखर काहीतरी घडवायचं होतं. छेद कुठेच नसला तर माझा कल रंगकामाकडे जातो. कोपऱ्यातल्या चित्रांचं तर वेगळंच: ती पुष्कळदा कॅनव्हासवर चित्रशाळेत बसून रंगवत आणि मग छताला चिकटवत.

उठावाचं काम म्हणजे सगळं हातानं घडवलेला गिलावा, अशीही समजूत असते. पण शतकाच्या मध्यापर्यंत यातलं बरंचसं साच्यातून निघायला लागलं होतं. कागदाच्या लगद्याचे नग होते, लगदा-सरस-खडू यांच्या मिश्रणाचे होते, आणि १८५६मध्ये देसाशी नावाच्या फ्रेंच माणसानं इंग्लंडमध्ये ताग-कापडावर ओतलेल्या हलक्या गिलाव्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर मोठमोठे नग कार्यशाळेत ओतून, खोलीत नेऊन, नुसते स्क्रूनं बसवता येऊ लागले. १८७७चा लिंक्रस्टा आणि १८८७चा ॲनाग्लिप्टा हे तर उठावाचे कागद. गुंडाळी आणायची आणि चिकटवायची. तुमच्या रेखाटनात एकच नग पुन्हापुन्हा जसाच्या तसा येत असेल, तर सजावटकाराच्या समोर साच्यांची यादी होती असं समजायला हरकत नाही.

आता डाग. माझी विनंती आहे, त्यांना हात लावू नका. ओला बोळा नको, खोडरबर नको, पावाचा गोळासुद्धा नको. भिंग घ्या आणि एक पान, एक पाकळी नीट पाहा. डावीकडून उजेड येतो म्हटलं, तर पाकळीची वरची डावी कड चमकायला हवी आणि खालची उजवी कड काळवंडायला हवी. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे दोन्ही कडा काळ्या आहेत. उजेडाच्या बाजूचा काळा रंग नेमका कुंचल्याच्या एका फटकाऱ्याएवढा, सुरुवातीला जाड आणि टोकाला निमुळता. तो डाग नव्हे, ती चित्रकारानं लावलेली पांढरी चमक आहे. त्यानं शिशाचा सफेदा वापरला. शहरी हवेतल्या गंधकयुक्त वायूनं त्याचं काळं शिसं-गंधकाचं संयुग झालं. ज्या जागी सगळ्यात जास्त उजेड होता ती जागा आज सगळ्यात काळी दिसते, आणि त्यामुळे अख्खी नक्षी उलटी, खोलगट वाटायला लागते. जाणकार माणसंसुद्धा याला ‘खोल कोरीव काम’ म्हणून बसतात.

हे पूर्ववत करता येतं. हायड्रोजन पेरॉक्साइडनं ते काळं संयुग पांढऱ्या शिसं-सल्फेटमध्ये बदलतं. पण एका पाकळीच्या कडेवर, भिंगाखाली, शेजारच्या जलरंगाला न लागू देता करायचं हे काम आहे. घरी करायचा नाद करू नका, कागद-संवर्धकाकडे न्या. १८३४पासून जलरंगात जस्ताचा सफेदा बाजारात आला होता आणि तो काळा पडत नाही, तरी शिशाचा वापर लगेच थांबला नाही. त्यामुळे काळे पडलेले फटकारे हे १८३४च्या आधीचं लक्षण मानू नका.

सोनेरी रंग हिरवट-तपकिरी पडला असेल तर ती पितळेची भुकटी. खऱ्या सोन्याला असं काही होत नाही.

अस्सलपणाबद्दल. या क्षेत्रात हा शब्द जरा निसरडा आहे. सजावटकाराच्या कार्यालयात एकाच छताचे तीन-चार कागद निघत: एक मालकासाठी, एक कारागिरांसाठी, एक दप्तरात. काढणारे हातही वेगवेगळे. त्यातला ‘मूळ’ कोणता म्हणायचा? मी एवढंच तपासतो की हे हातानं काढलेलं आहे का आणि त्या काळातलं आहे का. भिंगाखाली रंगाच्या कडेला पाण्याची सुकलेली रेघ दिसली, खाली शिसपेन्सिलीच्या आखणीच्या रेघा आणि वर्तुळाच्या मध्यावर कंपासाच्या टोकाचं भोक दिसलं, तर हातचं काम. रंग ठिपक्याठिपक्यांनी बनलेला दिसला तर शिळाछाप, म्हणजे नमुन्यांच्या पुस्तकातलं फाडलेलं पान. त्या काळी अशी पुस्तकं भरपूर निघत. ओवेन जोन्सचं अलंकरणावरचं १८५६चं पुस्तक रंगीत शिळाछापाच्या पानांसाठीच प्रसिद्ध आहे.

कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहा. व्हॉटमन या इंग्रजी कागदावर नावाबरोबर पुष्कळदा वर्षही असतं. ते कागद बनवल्याचं वर्ष, चित्र काढल्याचं नव्हे. चित्र त्यानंतर कधीही काढलेलं असू शकतं. रंगांचंही तसंच. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२८च्या सुमाराला आला, कोळशाच्या डांबरापासूनचा पहिला जांभळा १८५६चा. तुमच्या निळ्यात कृत्रिम अल्ट्रामरीन सापडला तर तारीख १८२८च्या अलीकडे येते, एवढंच. टायटेनियमचा पांढरा मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारानंतरच प्रचारात आला. तो सापडला तर कोणीतरी नंतर हात फिरवला आहे, किंवा कागदच नंतरचा आहे. ही तपासणी यंत्राशिवाय होत नाही आणि प्रत्येक कागदावर तो खर्च करण्यात अर्थही नसतो.

इथपर्यंत जमा झालेलं असं: फ्रेंच सजावटकाराचं, बहुधा १८४०नंतरचं, मालकाला दोन रंगसंगती दाखवायला एकास वीस मापात काढलेलं, एका बैठकीच्या खोलीचं छत. आता तुमचा पहिला प्रश्न.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जूल-एदमों-शार्ल लाशेझ आणि युजेन-प्येर गूर्दे या पॅरिसच्या सजावटकारांची छतांची पुष्कळ रेखाटनं आहेत. तुमच्या कागदाशी ती ताडून बघा. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती सहज सापडतात. त्यातल्या कित्येकांची नोंद नुसती ‘छताचा आराखडा’ एवढीच आहे आणि काळ १८३० ते १८९७ असा ऐसपैस दिलेला आहे. एवढ्या मोठ्या संग्रहालयाला खोली सांगता येत नाही, याचं कारण आळस नव्हे. कागदावर घराचं नावच नसतं. काहींवर मात्र आहे. इंग्लंडमधल्या सरी परगण्यातल्या डीपडीन या घराचं नाव असलेली रेखाटनं त्यांच्या संग्रहात आहेत. ते घर १९६९मध्ये पाडलं गेलं.

आणि नाव सापडलं तरी छत त्या रूपात बनलंच होतं असं नाही. दोन पर्यायांतला एक तर नक्कीच बनला नाही. बनलेलं टिकलंही नसेल. पॅरिसच्या नगर-भवनात आंग्र आणि दलाक्रवा या दोघा चित्रकारांनीही १८५०च्या दशकात छतं रंगवली होती. मे १८७१मध्ये इमारत जळाली, छतं गेली. पूर्वतयारीची चित्रं मागे राहिली. पॅरिस ऑपेराच्या प्रेक्षागृहात चित्रकार लनव्यूनं रंगवलेलं छत १९६४पासून शागाल या चित्रकाराच्या छतामागे झाकलेलं आहे. ते कसं होतं हे पाहायचं तर पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयातला त्याचा छोटा नमुना पाहावा लागतो.

तरी शोधायचंच असेल तर कागदाची पाठ आधी पाहा. मालकाचं नाव, रस्त्याचं नाव, नग क्रमांक, शिक्का, यातलं काहीही. मग नक्षीतले छोटे ढालीसारखे चौकटीचे भाग पाहा. तिथे आद्याक्षरं किंवा मुकुट असतील तर नशीब फळफळलं. बहुतेकदा ते रिकामेच सोडलेले असतात, कारण तोच आराखडा उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचा असतो. छताच्या मध्यावरच्या फुलाकडेही लक्ष द्या. तिथे जाळी किंवा भोकं दाखवली असतील तर खाली गॅसचं झुंबर टांगायचं होतं आणि त्याची गरम हवा, धूर वर काढून द्यायचा होता. गठ्ठ्यातले बाकीचे कागद फेकून दिले नसतील अशी आशा आहे. एकाच घराच्या भिंती, दारं, छतं एकत्र राहतात. तुमच्या छताचं घर शेजारच्या एखाद्या दाराच्या चित्रावर लिहिलेलं असू शकतं.

चौकट करायची असेल तर आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी घ्या, काच कागदाला टेकू देऊ नका, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. उजेड ५० लक्सच्या आत ठेवा. गुलाबी रंग आधी उडतो, आणि तो उडाला की मालकासमोर ठेवलेल्या दोन पर्यायांतला एकच उरेल.

लांब झडपेची बाहेरची कड मोजून कळवा, आणि कागदाच्या मागच्या बाजूचा एक फोटो टाका, खिडकीच्या तिरप्या उजेडात काढलेला.